सातव्या टोपलीचा एक्का

"चकती सापडली की आधी उलटी करायची, ऑर्विल. नंबर वाचायचा, फोन लावायचा, आणि मगच आपली पुढची फेकायची."

व्हर्ना कोलस्टाडने हे एकोणीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं. ती तेव्हा कॉलेजच्या खानावळीची मुख्य होती. दुपारची भांडी आवरली की आवारातल्या झाडांमधून चकत्या फेकत हिंडायची. कॉलेजचा ग्रंथपाल ऑर्विल टांगेन हा खेळ तिच्याकडूनच शिकला. आवारभर लोखंडी खांबांवर अठरा टोपल्या, प्रत्येकीला साखळ्यांची झालर. कमीत कमी फेकींत चकती टोपलीत घालायची, एवढाच तो खेळ. चकतीच्या पोटावर प्रत्येकाने आपला फोन नंबर लिहिलेला असतो, कारण हरवणं हाही खेळाचाच भाग आहे आणि परत करणंही.

गुरुवारी सातव्या टोपलीजवळच्या ओढ्यात ऑर्विलला एक पिवळी चकती दिसली. बर्फ नुकतंच वितळलं होतं आणि ती तळाशी चिखलात रुतून बसली होती. त्याने बाही सरसावून ती काढली, उलटी केली, नंबर वाचला. नाव धुऊन गेलं होतं, नंबर मात्र ठसठशीत होता. व्हर्नाने सांगितलेलं दोन तृतीयांश काम तिथल्या तिथे झालं. अडलं ते फोनपाशी.

त्याला कारण होतं. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात ऑर्विल दरवर्षी आवडीचं काहीतरी सोडायचा. यंदा बायकोने, लोरेनने, तळघरातल्या चकत्या मोजल्या. सेहेचाळीस भरल्या. "या वर्षी गोड सोडू नकोस," ती म्हणाली, "गोडाने माझं काही अडत नाही." तेव्हा ऑर्विलने नेम धरला: ईस्टरपर्यंत नवी चकती विकत घ्यायची नाही. आणि विसाव्या दिवशी ही पिवळी हातात आली. अशी की बोटं आपोआप तिच्या कडेवर बसली.

विकत कुठे घेतली, ऑर्विलने स्वतःला समजावलं. मिळाली. देवाला हा फरक कळेल याची त्याला खात्री होती. लोरेनला कळेल की नाही याची नव्हती, म्हणून चकती त्याने गाडीत सीटखाली ठेवली. फोन उद्या करू. शुक्रवारी वाटलं, कामाच्या दिवशी कशाला कुणाला त्रास.

त्यात शुक्रवारी दुपारी एक गोष्ट घडली. ग्रंथालयाच्या फळ्यावर कुणीतरी चिठ्ठी लावली होती. 'पिवळी चकती हरवली आहे', एवढा मथळा वाचला आणि ऑर्विलची नजर जी तिथून उडाली ती थेट चिठ्ठीच्या उजव्या कोपऱ्यावर जाऊन बसली. तिथे कचेरीचा शिक्का नव्हता. फळ्यावर शिक्क्याशिवाय काही लावायचं नाही हा नियम त्याने स्वतः केलेला. त्याने टाचणी काढली, चिठ्ठीची चौघडी केली आणि दोन्ही गोष्टी कोटाच्या खिशात टाकल्या. खालचा मजकूर त्याने वाचला नाही. नियमात बसत नव्हतं ते, वाचायचं कशाला?

हाच ऑर्विल पुस्तक एक दिवस उशिरा आणणाऱ्या पोरांना काउंटरपाशी उभं करून म्हणायचा, "दुसऱ्याची वस्तू दुसऱ्याचीच असते, आपल्या घरी असली तरी."

शनिवारी नेहमीची मंडळी जमली. व्हर्नाचे गुडघे आता चालत नाहीत. ती सातव्या टोपलीपाशी घडीच्या खुर्चीत, कॉफीचा थर्मास आणि गुणांची वही घेऊन बसते. नळांची कामं करणारा वेंडेल प्रुशा होता, आणखी चौघं होती. सातव्या टोपलीसाठी जिथून फेकायचं त्या चौथऱ्यावर ऑर्विलने पिशवीत हात घातला. हात निळीकडे निघाला होता. आला पिवळी घेऊन; ती त्याने सकाळीच सीटखालून पिशवीत घातली होती, नुसती सोबत म्हणून.

एकदाच, तो मनात म्हणाला. भांड्यांच्या साबणाने धुतली आहे, म्हणजे सेवाच झाली तिची.

चकती सुटली, ओढ्यावर तरंगत गेली, प्रार्थनाघराच्या बाजूने डावीकडे झुकली आणि साखळ्या खणखणल्या. एका फेकीत आत. एकोणीस वर्षांत ऑर्विलला एक्का पडला नव्हता. तळघराच्या भिंतीत त्याने पहिल्याच वर्षी एक खिळा ठोकून ठेवला होता. एक्क्याची चकती पुन्हा खेळायची नसते. हजर असलेल्या सगळ्यांनी तिच्यावर सही करायची आणि ती भिंतीवर टांगायची. खिळा अजून रिकामाच होता.

वेंडेलने त्याला उचललं. खाली ठेवल्यावर ऑर्विल जे पळाला ते टोपलीकडे, आणि चकती पोटाशी धरून उभा राहिला.

"आण इकडे," व्हर्ना म्हणाली. "सह्या करू."

"नको, ओली आहे."

"साखळ्यांत जाऊन ओली झाली?"

"मी घरी पुसतो. सोमवारी सह्या करू."

"सोमवारी आम्ही इथे असणार का सगळे?" वेंडेलने बोलता बोलता चकती काढून घेतली आणि उलटी केली. "हा कुणाचा नंबर रे?"

"माझाच. जुना."

"सुरुवातीच्या आकड्यांवरून हा तर मोंटाना राज्यातला दिसतोय."

"होतो मी तिथे. काही दिवस."

"कधी?"

"तरुणपणी."

"लोरेन तर सांगते, तू तिला नायगारालासुद्धा नेलं नाहीस," व्हर्ना म्हणाली. "आणि मोंटानात फोन घेऊन राहिलास?"

ऑर्विलला खोटं बोलायचा सराव नव्हता. सराव नसलेला माणूस चिखलात पाय घसरल्यासारखा बोलतो. सावरायला म्हणून जे पाऊल टाकतो तेच आणखी पुढे नेतं. "बंद झालाय तो नंबर," तो म्हणाला. "केव्हाच."

"बघू तरी," वेंडेलने फोन काढला. "तरुण ऑर्विल भेटला तर त्याला सांगतो, केस जपून ठेव."

फोन वाजला. वेंडेलने आवाज मोठा केला. पलीकडून एका मुलीचा दबका आवाज आला.

"हॅलो? जरा हळू बोलते हं. लायब्ररीत आहे. इथले टांगेन सर फार कडक आहेत, आज सुट्टीवर आहेत पण भीती जात नाही."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. वेंडेलने फोन ऑर्विलच्या हातात दिला, तापलेलं भांडं द्यावं तसा.

"तुमची..." ऑर्विल म्हणाला. "तुमची पिवळी चकती सापडली आहे."

"खरंच? अहो, तीन आठवडे शोधतेय मी. आजोबांची आहे ती. गेले ते, त्यांनीच माझा नंबर लिहून दिली होती. मी काल चिठ्ठीसुद्धा लावली होती फळ्यावर, पण ती कुणीतरी काढून टाकली."

ऑर्विलने खिशात हात घातला, का ते त्यालाही कळलं नाही. रुमाल काढायला असेल. रुमालाबरोबर चौघडी बाहेर आली आणि व्हर्नाच्या पायांशी पडली. व्हर्नाने ती कॉफीचा पेला खाली ठेवून उचलली, उलगडली, चष्मा वर करून शेवटपर्यंत वाचली. ऑर्विलने जे वाचायचं टाळलं होतं ते त्याला तिच्या चेहऱ्यावर वाचता आलं.

"ठीक आहे ना ती?" मुलगी विचारत होती. "तडा वगैरे?"

"नाही. ती... एक्का पडला तिच्यावर. आत्ता. सातव्यावर."

मग ती लायब्ररी विसरून बोलली, "आजोबांच्या चकतीवर? त्यांना जन्मात नाही पडला. सह्या केल्या ना सगळ्यांनी?"

"तुमची वस्तू आहे. आम्ही कशा करणार?"

"असं कसं? सह्यांशिवाय आणूच नका. आणि ज्याने टाकला त्याचं नाव सगळ्यात वर, पूर्ण, आजोबा तसंच सांगायचे. कराल ना?"

"करतो," ऑर्विल म्हणाला. "पाचच्या आत आणून देतो. मी स्वतः."

"तुमचं नाव काय पण?"

"चकतीवर असेल," तो म्हणाला आणि फोन वेंडेलला परत दिला.

व्हर्नाने वहीतून मार्कर काढला. ऑर्विलने चकती गुडघ्यावर ठेवली आणि नंबराच्या वर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहायला घेतलं.

"मोठं लिही," व्हर्ना म्हणाली. "पोरीला वाचता यायला हवं."

त्याने खोडलं नाही, खोडता येत नव्हतं. त्याच्यावरूनच ठळक गिरवलं. ऑर्विल एम. टांगेन. मग चकती हातोहात फिरली. ज्याने त्याने मान खाली घालून सही केली. वेंडेलने तर नेहमी काढतो ते हसरं तोंडही काढलं नाही. शेवटी व्हर्नाने केली आणि वहीत एकचा आकडा लिहिला.

"एक्का खराच आहे," ती म्हणाली. "तो मी मांडला. बाकीचं तुझं तू मांड."

"व्हर्ना, मी सोमवारी फोन करणारच होतो."

"हो ना. आणि पुस्तकं उशिरा आणणारी पोरं तुला काय सांगतात?"

ती पोरं नेमकं हेच सांगायची, सोमवारसकट.

व्हर्नाने चिठ्ठी घडी न करता त्याच्या हातात दिली. "ही होती तिथे परत लाव. खाली लिही, चकती सापडली, आणि किती दिवस कुणाकडे होती."

"लावतो."

"शिक्का?" वेंडेलने विचारलं. त्याला खरंच शंका होती.

"याला नाही लागत," ऑर्विल म्हणाला.

उरलेल्या अकरा टोपल्या त्याने सोडल्या. पिशवी व्हर्नाच्या खुर्चीपाशी ठेवली. गाडी प्रार्थनाघरामागे उभी होती आणि ग्रंथालय ओढ्याच्या पलीकडे, टेकाडावर. चिठ्ठी चकतीवर पसरून, नैवेद्याचं ताट न्यावं तशी चकती दोन्ही हातांत सपाट धरून तो पुलाकडे निघाला. सव्वाचार झाले होते. पुलाच्या मध्यावर तो थांबला, चकती एका हातात घेतली आणि दुसऱ्याने कोटाचा खिसा चाचपला.

टाचणी होती. तो चढ चढू लागला.