लहानू मिस्तरीची फरशी

लहानू मिस्तरी कुणाच्याही घरी आला की आधी टाच आपटायचा. रामराम नंतर. दिग्रसला बदली होऊन मी त्याच्या शेजारची जागा घेतली, तेव्हा आमचं सामान अजून बैलगाडीवरच होतं आणि हा ओसरीवर टाचा आपटत हिंडत होता.

"गुर्जी, खाली काय टाकलं हाये?"

"फरशी आहे की."

"फरशी वर हाये. म्या खालचं इचारलं."

काळ्या मातीवर त्याचा फार राग. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरच्या फरशीला नाचवते. ती हातभर खोदून काढावी, मुरूम भरावा, पाणी मारून धुमसाने चोपावा, मग चुना-रेती आणि मग फरशी, हे तो समोरच्याची जेवणाची वेळ टळेपर्यंत सांगे. पुतणीसाठी स्थळ पाहायला भावाने त्याला पांढरकवड्याला पाठवलं. परतल्यावर मुलगा कसा आहे विचारलं, तर म्हणाला, "पोरगा चांगला असन. पन ओसरी पोकळ हाये." भावाने पुन्हा त्याला कुठे पाठवलं नाही.

त्याची बायको वच्छला. तिचे टोंगळे दुखायचे. गुडघ्यांना तिकडे टोंगळे म्हणतात. लहानूचं निदान ठरलेलं होतं: जमिनीची ओल. त्याने घरातली फरशी उखडून मुरूम बदलला. दुखणं थांबलं नाही. पुन्हा उखडली, जाड रेती घातली. पुढच्या वर्षी जिनिंगच्या बॉयलरमधली जळक्या कोळशाची खर आणली. दर वेळी वच्छला महिनाभर अंगणात बाजेवर. गल्ली हसायची. मीही हसलो आहे.

तिसऱ्या उखडणीत माझी बायको तिला एस.टी.ने यवतमाळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. दुखणं हाडातल्या गाठीचं आहे, ती अंगभर पसरली आहे, आता इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. परतताना वच्छला म्हणाली, "बाई, त्यायले सांगू नका. वल गेली का मी चांगली होईन, असं वाटते त्यायले. वाटू द्या."

आम्ही सांगितलं नाही. दिवाळीच्या आधी ती गेली, अंगणातच. आत खर अर्धी चोपून झाली होती.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी लहानू धुमस घेऊन उभा राहिला. आठवड्याभरात फरशा बसवल्या, दरजा भरल्या आणि एका दुपारी आम्हा दोघांना बोलवायला आला. खोलीत सामान काहीच नव्हतं.

"हात लावून पाहा, बाई."

माझ्या बायकोने खाली बसून तळवा टेकवला. "कोरडी आहे."

"आता तिचे टोंगळे नसते ना दुखले?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहत राहिलो.

"नसते दुखले," ती म्हणाली.

लहानूने मान हलवली.

"म्हंजे महिनाभर आंधी केली असती तं वाचली असती," तो म्हणाला. "माह्याच हातानं उशीर झाला."

तेव्हा तरी आम्ही बोलायला हवं होतं. आम्ही घरी आलो.