मधली टाळी

आमच्या वरच्या मजल्यावरचे खांबेटे अण्णा आरतीत टाळी वाजवतात ती इतरांच्या टाळ्यांच्या मध्ये. चुकून नव्हे, ठरवून. आपण एक टाळी वाजवतो, दुसरीसाठी हात उचलतो, तेवढ्यात अण्णांची पडते. शेजारचा माणूस दुसऱ्या कडव्यापर्यंत पार गांगरतो आणि शेवटी नुसते हात जोडून उभा राहतो. राजाजीनगरच्या आमच्या मराठी मंडळाने यावर उपाय म्हणून आरतीच्या वेळी अण्णांच्या हातात प्रसादाचं ताट द्यायला सुरुवात केली. अण्णांनी ताटावर चमच्याने ताल धरला. मधलाच.

अण्णा इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. कारखान्याने यंत्रं बसवायला झिंबाब्वेला पाठवलं आणि हरारेत ते बरीच वर्षं राहिले. लोक परदेशातून काय काय आणतात. अण्णांनी एम्बिरा आणला. लाकडी फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या, त्या अर्ध्या भोपळ्यात ठेवून अंगठ्यांनी छेडायच्या. भोपळ्याला बाटल्यांची झाकणं लावलेली, त्यामुळे प्रत्येक सुराबरोबर खरखर होते. मी पुण्याची, त्यामुळे ही झाकणं काढता येणार नाहीत का, असं पहिल्याच भेटीत विचारून बसले. तंबोऱ्याची झणझणणारी जवारी काढून टाकाल का, असं अण्णांनी अस्सल पुणेकराला लाजवेल इतक्या थंडपणे विचारलं.

त्यांचं पालुपद एकच, "स्वल्प जागा सोडा." कानडी स्वल्प, म्हणजे थोडीशी. डब्यात लाडू भरताना, गाडी लावताना, भांडतानासुद्धा. घरातल्या झोपाळ्यावर ते कायम एका कडेला बसतात. बोलता बोलता मध्येच थांबतात आणि आपण बोलायला लागलो की खूश होतात. त्यांचं वाजवणं मात्र मला कधी कळलं नव्हतं. एक सूर, मग खड्डा, दोन सूर, पुन्हा खड्डा. खाली माझ्या घरात ऐकू यायचं तेव्हा वाटायचं, वर कुणीतरी फोनवर बोलतंय आणि पलीकडचं आपल्याला ऐकू येत नाहीये.

एकदा न राहवून तसं म्हटलं. अण्णा हसले आणि म्हणाले, अगदी बरोबर. हे काम दोघांचं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने मधल्या जागेत उत्तर द्यायचं. अण्णा उत्तर देणारे. बोलणारी त्यांची मुलगी, रेवा. हरारेत शेजारच्या आजोबांच्या ओसरीवर बापलेक एकत्र शिकले; ती पुढे, बाबा मागे. आता ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला आयटीत आहे आणि सुट्टीच्या दिवशी लॅपटॉपवर संगीत करते. वर जुना एम्बिरा आणि खाली जोहान्सबर्गच्या तरुण पोरांचा अमापियानो, म्हणजे संथ चालीचा, पोटात घुमणारा ठेका. पहिल्यांदा ऐकून अण्णांनी "मिक्सरवर वाटलेलं" असा शेरा मारला. वर, यात माझ्या उत्तराला जागाच कुठंय, असंही विचारलं. रेवा उठून गेली. तेव्हापासून फोनवर तब्येतीची चौकशी होते, तेवढीच. राजाजीनगर ते बेळ्ळंदूर हा रस्ता तसाही नाती तोडायला पुरेसा आहे.

मी म्हटलं, "मग पहिली बाजू तुम्हीच शिका ना."

अण्णा झोपाळ्याच्या रिकाम्या कडेकडे बघत म्हणाले, "शिकायचीय कशाला, येते मला. पण तीही मीच वाजवली, तर रेवा आल्यावर बसेल कुठे?"

चेष्टेची सवय लागलेल्या माणसाची अशा वेळी फार पंचाईत होते.

यंदा गणपतीच्या कार्यक्रमात वाजवायचं अण्णांनी ठरवलं आणि रेवाला कळवलं. स्टेजवर दोन खुर्च्या मांडायला लावल्या, मध्ये जागा सोडून. वेळ झाली तरी रेवा आली नाही. अण्णांनी आपली अर्धी बाजू मन लावून वाजवली. लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या आणि ते जेवणाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. खुर्च्या उचलायला आलेल्या माणसाला अण्णा आपल्या खुर्चीत बसूनच म्हणाले, "सरी, ठीक आहे, पण ही रिकामी एक राहू दे."

मसालेभात संपत आला तेव्हा रेवा पोहोचली. पाठीवर लॅपटॉप, हातात एम्बिरा आणि तोंडात रिंग रोडचा उद्धार. ती थेट स्टेजवर अण्णांपाशी गेली.

"बाबा, नवीन केलंय," ती म्हणाली. "तुमची जागा सोडलीय. ऐका."

तिने स्पीकर जोडला, रिकाम्या खुर्चीत बसली आणि त्या घुमणाऱ्या ठेक्यावर आपली बाजू वाजवायला लागली. पहिली फेरी अण्णांनी कपाळाला आठ्या घालून ऐकली. दुसऱ्या फेरीत त्यांचे अंगठे हलले. इतकी वर्षं छतातून ऐकलेले ते सगळे खड्डे एकेक करून भरत गेले. हातात मसालेभाताची प्लेट धरून मी रडले. त्यात लाज कसली?

वाजवता वाजवता अण्णा खुर्चीसकट तिच्याकडे सरकले. मध्ये स्वल्प जागासुद्धा सोडली नाही.