हिलके आत्याची निसर्गस्नेही शवपेटी

दुकानात मांडलेली कोणतीही वस्तू निरागस दिसते. तिचं खरं चारित्र्य कळायचं तर कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंत तिचा अख्खा जन्म तपासावा लागतो. नेदरलँड्समधल्या लायडनची फेना पोटासाठी हेच करी. दुधाच्या बाटल्या, दारं, लंगोट अशा अनेकांची तिने निःपक्षपाती चौकशी केली होती. (कुणीही निर्दोष सुटलं नव्हतं.)

डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा हिलके आत्याने आपली शवपेटी निवडायचं काम भाचीवरच सोपवलं.

"ओकची घेऊ की वेताची?"

फेनाने मान मोडून हिशेब केला. पेटीचा दोष नगण्य निघाला. पृथ्वीवरचा खरा भार पाहुण्यांचा होता: त्यांची विमानं, मोटारी, कॉफी आणि केक. त्यात दूर ऑस्ट्रेलियात पर्थला राहणारा आत्याचा भाचा यूरियान एकटाच ओकच्या साऱ्या पेट्यांना भारी पडत होता.

"म्हणजे पेटी कुठलीही चालेल, माणसं चालणार नाहीत?"

"शास्त्र तसंच म्हणतं, आत्या."

"आणि मी मेलेच नाही तर?"

"मग तुझं घर तापवायचा गॅस धरावा लागेल. वापराचा टप्पा लांबतो ना."

"बापावर गेलीस अगदी!" आत्या हसता हसता खोकली. मग हळूच म्हणाली, "यूरियानला तेवढं बोलाव गं. अंगाखांद्यावर वाढवलाय मी त्याला."

फेनाला गलबलून आलं. पण गलबलण्यासाठी पद्धतीत रकाना नव्हता. तिने अहवाल सगळ्या नातलगांना पाठवला आणि खाली नियमबाह्य दोन शब्द घातले: तरीही या.

अहवाल वाचून नातलग हेलावले. यूरियानने कळवलं, "काळजावर दगड ठेवून पृथ्वीसाठी थांबतोय." (त्याच आठवड्यात तो बालीला जाऊन आला. ती सहल अभ्यासाच्या कक्षेबाहेर होती.) जवळच हेगला राहणाऱ्या चुलतबहिणीने तर आगगाडीचाही भार भूमीवर टाकायला नकार दिला.

आत्या गेली. निरोपाला वेताची पेटी, सायकलवरून आलेली फेना आणि न कापलेला केक एवढेच हजर होते. इतका स्वच्छ अंत्यविधी लायडनने पाहिला नव्हता. अन्न वाया घालवणं सर्वांत वाईट, म्हणून फेनाने रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून, डोळे पुसत, तो केक एकटीने संपवला.

या अहवालाला सध्या फार मागणी आहे. आजारी काकूंना भेटायला जायचं ज्यांचं राहूनच जातंय, अशा वाचकांनीही तो जरूर मागवावा. फक्त स्वतःचा पत्ता कळवा. काकूंचा आठवत नसला तरी चालेल.