करिष्मानं ओढलेला वखर

जिम गेली चुलीत, गोठ्यातला वखर काढा, असं माणिकराव सरांनी फर्मावलं तेव्हा त्यांच्या मनात तीळभरही शंका नव्हती. पिंपळगाव राजाच्या शाळेत त्यांनी उभी हयात मुलींना कबड्डी शिकवण्यात घालवली होती. तेव्हा लोखंडी वजनं पाहिली होती कुणी? खांद्यावर मुसळ घेऊन बैठका मारायच्या, भरल्या घागरी उचलून मैदानाला फेऱ्या घालायच्या. काय मुली होत्या त्या! मैदानाची आठवण निघाली की सर गप्प म्हणून बसत नसत.

आता त्यांच्याच जुन्या खेळाडूची, जयमालाची पोरगी करिष्मा भारतीय संघाच्या शिबिराला निवडली गेली होती. ती थोड्या सुटीवर घरी आली, तर तिथल्या ताकद वाढवणाऱ्या कोच मॅडमनी फोनवर बजावलं, पाय ढिले पडू द्यायचे नाहीत, रोज स्लेड ओढायची. स्लेड म्हणजे वजन ठेवलेली बिनचाकाची गाडी. ती पिंपळगावात कुठली? पण करिष्माच्या बापानं, उकंडरावांनी, ट्रॅक्टर घेतल्यापासून वखर गोठ्यात नुसता पडून होता. सरांनी त्याची पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, काढली, वर ज्वारीचं पोतं ठेवलं आणि दोर करिष्माच्या कमरेच्या पट्ट्याला बांधला. वजन कमी वाटलं म्हणून पोत्यावर स्वतः जाऊन बसले.

नेमका तेव्हाच गावातला दयाराम शेताजवळून मोटरसायकलवरून चालला होता. माणूस मनानं फार हळवा! त्यानं व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं, बैल नाहीत म्हणून बापानं पोटची पोरगी वखराला जुंपली. संध्याकाळपर्यंत सगळ्या खामगाव तालुक्यानं हळहळून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर शेतात करिष्माच्या कमरेला पट्टा बांधत होते, तोच एक मदत मंडळ टेम्पोतून उतरलं. सोबत भेट द्यायला हार घातलेला बैल. फोटो काढणाऱ्यानं उकंडरावांना चेहरा अजून जरा पाडायला सांगितलं. मागं ट्रॅक्टर दिसत होता, तर त्यावर मंडळानं ताडपत्री टाकली.

उकंडरावांचा पारा चढला. "शिबिर-बिबिर काही नाही आता. पोरगी घरीच राहीन. गावात तोंड दाखवाची सोय नाही राह्यली मले."

हे बोलणं सरांनी एकदा ऐकलं होतं. जयमालाची राज्य स्पर्धा तोंडावर आली असताना तिच्या बापानं लग्न ठरवलं आणि सर सहाच मुली घेऊन एसटीत बसले. तिची रिकामी जागा त्यांना अजून विसरता आली नव्हती.

तेवढ्यात जयमाला पुढं आली. तिनं पदर खोचला, पोरीच्या कमरेचा पट्टा सोडून आपल्या कमरेला बांधला.

"बसा," ती नवऱ्याला म्हणाली.

"कुठी?"

"वखरावर."

एवढ्या माणसांत नाही कसं म्हणणार? बसले. जयमाला वाकली. वखर जागचा हलेना. आणि सर आपलं वय विसरून ओरडले, "जयमाला, नजर खाली! टाच रोव!"

इतक्या वर्षांनी हुकूम सुटला, पण पायांनी तो ओळखला. वखर निघाला तो उकंडरावांसकट थेट बांधाला जाऊन टेकला. मंडळानं टाळ्या वाजवल्या. बैल बुजून टेम्पोकडे पळाला.

"माही ताकद चुलीपाशी राह्यली," जयमाला धापा टाकत म्हणाली. "पोरीची नाही राहू देणार."

उकंडराव बराच वेळ कपड्यांवरची माती झटकत राहिले. मग हळूच त्यांनी विचारलं, पोरीची गाडी कधीची आहे.

करिष्मा गेली त्या दिवशी एसटी स्टँडवर सर उघड उघड रडले. त्यांना कशाचीही लाज वाटली नाही, आपली पोरगी एकदाची गाडीत बसली होती. पण दयारामचा दुसरा, जयमाला वखर ओढतानाचा व्हिडिओ त्यांच्याआधीच स्टँडवर पोचला होता. भाजीची टोपली घेऊन बसलेल्या वच्छलाबाईनं उकंडरावांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि जयमालाला बाजूला ओढलं.

"बाई, आधी पोरीले जुंपलं, मंग तुले. खायले तरी देते का हा?"

जयमालानं नवऱ्याकडे नीट पाहून घेतलं.

"देते," ती म्हणाली. "पण वखर ओढल्यावर."