आडव्या काकूंची बाटली

आमच्या गावात माणूस माणसाला भेटला की 'रामराम' म्हणतो. इंदूकाकू भेटल्या की म्हणतात, "हा कर."

हा करायचा म्हणजे तोंड उघडून काकूंच्या नाकासमोर श्वास सोडायचा. सरपंच असो, डेअरीचा चेअरमन असो, नाहीतर मुक्कामी एसटीचा ड्रायव्हर असो, यातून सुटका नाही. एकदा तर भर वरातीत त्यांनी नवरदेवाला घोड्यावरून खाली वाकायला लावलं. हुंगून "बरं, जा" म्हणाल्या, तेव्हा कुठं बँडवाल्यानं पुढचं गाणं धरलं. त्यांना उलटं बोलायची कुणाची टाप नाही. काकू गावच्या अंगणवाडीच्या सेविका होत्या. आज चाळिशीच्या आत असलेल्या प्रत्येक गावकऱ्याचं शेंबडं नाक त्यांनी आपल्या पदरानं पुसलंय. त्यात माझंही आलं. आज मी गावच्या हायस्कुलात मराठी शिकवतो, दोन पोरांचा बाप आहे, पण शेजारच्या काकूंना मी अजून बाळ्याच.

लोक मागून त्यांना 'आडव्या काकू' म्हणतात. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं का, यावर बायकांचं मतदान झालं होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं होती. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. काकू तेव्हा महिनाभर दारोदार हिंडल्या आणि बाटली आडवी करूनच घरी बसल्या. बाहेरच्यांना वाटतं, काकूंचा नवरा पीत असणार. छे! आप्पा चहासुद्धा घेत नसत. पण अंगणवाडीत येणाऱ्या कुठल्या पोराच्या घरी काल चूल पेटली नाही, आणि का पेटली नाही, ते काकूंना पोराच्या तोंडाकडं बघून कळायचं. त्यांचा राग तिथला आहे.

एवढी वाघीण बाई, पण स्वभावानं महा काळजीखोर. "आन् तसं झालं तर?" हे त्यांचं पालुपद. आभाळ आलं तर गारा पडायची काळजी, नाही आलं तर विहीर आटायची. माझी बायको म्हणते, काकूंना काळजी करायला काही मिळालं नाही, तर त्याचीच काळजी लागेल.

पण गेल्या हिवाळ्यात त्यांना खरोखरीची काळजी लागली.

त्यांचा एकुलता एक सुहास अमेरिकेत असतो. माझा वर्गमित्र. तिकडंच त्यानं लग्न केलं. सून एमिली. काकू तिला 'इमली' म्हणतात. लग्नाला पाच वर्षं होऊन गेली तरी सून घरी आली नव्हती, सुहासही फिरकला नव्हता. आता सुहास तिला घेऊन येणार होता आणि सोबत तिचे वडीलही येणार होते. म्हणजे काकूंचे व्याही. मात्र मुक्काम नगरच्या हॉटेलात. गावात फक्त दुपारचं जेवण आणि संध्याकाळचा चहा.

"घर आसताना हाटेलात का?" काकूंनी फोनवर विचारलं. त्या फोनचा स्पीकर लावून बोलतात तेव्हा मधली भिंत असून नसल्यासारखी होते.

सुहासनं आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाला, "आई, त्यांना रोज संध्याकाळी थोडं बोर्बन लागतं. वय झालंय, सवय आहे. तुझ्या घरात कसं जमायचं?"

"आत्ता गं बया! येवढंच ना?" म्हणून काकूंनी फोन ठेवला आणि किराणा दुकानातून बोर्बन बिस्किटाचे सहा पुडे आणून डब्यात भरून ठेवले. वर मला म्हणाल्या, "बिस्किटासाठी कुनी हाटेलात ऱ्हातंय का रं?"

बोर्बन ही अमेरिकेतली व्हिस्की असते, हे त्यांना सांगायची पाळी माझ्यावर आली. काकू मटकन ओट्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे पोरगं माझ्या भ्यानं घरी राहत न्हाई."

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात उभ्या. "बाळ्या, तू थर्टीफस्टला पितोस."

मी गारच पडलो. आत बायकोच्या हातातलं लाटणं थांबलं.

"मला ठावं हाय. एक तारखेला तू बडीशेप खाऊन हा करतोस. आता तुझं पाप पुन्याला लागू दी. चांगली बोरबन कोन्ची आन् ती माझ्या ऐपतीत कुठं मिळती, ते बघ."

ऐपत म्हणजे गाईच्या दुधाचे साठवलेले पैसे. सुहासकडून घ्यायचे नाहीत, कारण "पाव्हन्याच्या जावयाकडून पाव्हन्याचा खर्च घेत्यात व्हय?" शेवगावच्या दुकानात मी तोंडाला रुमाल बांधून गेलो. दुकानदारानं बोर्बन हे नावच ऐकलं नव्हतं, पण माझं ऐकलं होतं. "सर, तुमी?" एवढंच म्हणाला, आणि मी तसाच माघारी फिरलो. मग पोरं झोपली की मोबाईलवर वाचत बसायचो. जाणकार म्हणवणारे एकमेकांवर तुटून पडलेले. एक म्हणतो, स्वस्तातली घेऊ नका. दुसरा म्हणतो, महागातली घेणारा मूर्ख. दहावीच्या पेपरांनीसुद्धा माझी झोप अशी कधी उडवली नव्हती. चुकीची बाटली आणली, म्हाताऱ्यानं तोंड वाकडं केलं आणि मंडळी हॉटेलात निघून गेली, तर काकू मला काही बोलणार नाहीत. त्याचंच मला जास्त भय वाटत होतं.

शेवटी आम्ही नगरला गेलो. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण कंडक्टरकडं तिकीट मागताना तोंडात नगरच येतं. काकूंना मी सोबत नकोच म्हणत होतो. त्या म्हणाल्या, "तू घाईनं कायबी उचलशील," आणि अर्ध्या तिकिटात खिडकीशी जाऊन बसल्या.

दुकान मोठं होतं. काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, काउंटरशी गेल्या आणि मालकाला म्हणाल्या, "हा कर."

मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण आवाजच असा, की त्या भल्या माणसानं मुकाट्यानं हा केला.

"पीत न्हाईस?"

"न्हाई मावशी. आपला नुसता धंदा."

"मग तुझा माल चांगला हाय हे तुला कसं कळतं?"

तो हसला आणि तिथून त्यांचं जमलं. त्यानं तीन बाटल्या मांडल्या. एक लाकडी खोक्यातली, एक चकचकीत पुठ्ठ्यातली आणि एक खालच्या फळीवरची, बिनखोक्याची, धुळकट. "मावशी, खोक्याचं पैसं देऊ नका. ही खालची साधी हाय, पन तिकडचीच हाय. मक्याची आसती."

"मक्याची? मका तर आमी गाईला घालतो."

"जाळलेल्या पिंपात मुरवत्यात, मावशी."

"जळकं पिंप? नवं न्हाई मिळत त्यास्नी?"

"नवंच आसतंय. आतून मुद्दाम जाळत्यात."

"समदंच उलटं बाई त्यांचं," काकू म्हणाल्या. पण धान्याची आहे म्हटल्यावर त्यांना जरा धीर आला. भाजी घेतल्यासारखी घासाघीस करून त्यांनी खालची बाटली घेतली. वर "काय तरी घाल की" म्हणून खाऱ्या शेंगदाण्याची पुडी मिळवली. मी पिशवी उचलली, तर म्हणाल्या, "थांब. परवाना?"

पिण्याचा परवाना असतो, तो कुणी मागत नाही. काकूंनी मागितला, आणि स्वतःच्या नावानं मागितला. मी म्हटलं, माझ्या नावानं घेऊ. तर म्हणाल्या, "बाटली माझ्या घरात जानार. खोटं नाव कशाला?" परवाना त्यांनी घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि अख्ख्या रस्त्यात तीनदा चाचपून पाहिला.

घरी आल्यावर नवी काळजी. "नकली आसली तर? डोळं जात्यात म्हनं." मग बाटलीचं बूच काढून मला चमचाभर पाजली आणि समोर बसवलं.

"ही किती बोटं?"

"तीन."

"नीट बघ."

"तीनच हायेत, काकू."

"जीभ दाखव." तासाभरानं त्यांनी मला ताक पाजून मोकळं केलं. तो चमचा फार चांगला होता. गुळासारखा, किंचित धुरकट. आणखी एक मागायची हिंमत मात्र झाली नाही.

पाहुणे यायला आठवडा होता. मला वाटलं, काळजी मिटली. पण काकूंना एक गोष्ट काही केल्या पटेना. उभी बाटली म्हणून जिच्याविरुद्ध गावभर बोलल्या, ती आपल्याच घरात उभी कशी ठेवायची? त्यांनी ती आडवी ठेवली. पाहुण्यांसाठी धुऊन वाळवलेल्या गोधड्यांच्या ट्रंकेत, मधोमध. बूच मी चमचा काढल्यावर परत बसवलेलं, जेमतेम.

पाहुणे यायच्या सकाळी ट्रंक उघडली आणि सगळी गल्ली दरवळली. बाटली पाव रिकामी झाली होती आणि गोधड्या तर्र. त्या वासावर पहिली आली ती समोरची सरूबाई. मतदानात काकूंचा उजवा हात. ती दारात थबकली, नाकाला पदर लावला. मी पुढं होऊन काहीतरी थाप ठोकणार, तोच काकू म्हणाल्या, "सरू, माझ्याच घरात बाटली हाय. व्याह्यासाठी आनलीय. परवाना हाय. तुला काय म्हनायचं ते म्हन, पन आज म्हनू नको. पोरगं पाच वर्सांनी येतंय."

बोलता बोलता त्यांनी कमरेच्या पिशवीतून परवाना काढून पुढं धरला. काकूंना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

सरूबाईनं एकदा बाटलीकडं पाहिलं, एकदा काकूंकडं. "आता ह्या गोधड्या कधी वाळायच्या?" म्हणाली, आणि घरी जाऊन आपल्या चार घेऊन आली.

दुपारी गाडी आली. सुहासनं काकूंच्या पायावर डोकं ठेवलं, इमलीनं त्याचं बघून ठेवलं. व्याही उंचच उंच. आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस, तळहात आमच्याकडच्या शेतकऱ्यासारखे. जेवण छान झालं. पण बॅगा डिकीतच होत्या. ड्रायव्हर लिंबाखाली बसून दर अर्ध्या तासानं घड्याळ बघत होता, आणि तो घड्याळ बघताना काकू त्याच्याकडं बघत होत्या.

दिवस कलला. सुहास म्हणाला, "आई, निघायला हवं आता." तशी काकू आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या हातात ताट घेऊन. ताटात खाऱ्या शेंगदाण्याची वाटी आणि स्टीलचं फुलपात्र. दूध द्यावं तसं काठोकाठ भरलेलं.

व्याह्यांनी फुलपात्र घेतलं, वास घेतला, एक घोट घेतला. फुलपात्र खाली ठेवलं. मग ते सुहासला सावकाश काहीतरी म्हणाले.

"काय म्हनत्यात? बिघडलीय व्हय?" काकू.

"ते म्हणतात, त्यांच्या स्वयंपाकघराच्या फळीवर हीच असते. भारीतली सणाला पाहुण्यांसाठी, आणि रोजची ही."

काकूंचा चेहरा पडला. "म्हंजे व्याह्याला मी रोजचीच दिली? आरं, भारीतली बी हुती रं तिथं!"

"आई," सुहासनं त्यांचा हात धरला. "ते म्हणतात, घरी आल्यासारखं वाटलं."

काकूंनी पुढचं ऐकलंच नाही. तरातरा लिंबाखाली गेल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "ऊठ. डिकी उघड. बॅगा उतरीव."

दोन रात्री राहिली मंडळी. दोन्ही संध्याकाळी व्याही अंगणात खाटेवर बसून घोट घोट घ्यायचे आणि काकू समोर बसून ज्वारी निवडायच्या. एकमेकांचं अक्षरही कळत नव्हतं, तरी काकू त्यांना गाईच्या आजाराचं सविस्तर सांगत होत्या. तिसऱ्या दिवशी सगळे विमानाला गेले.

त्यानंतर आठवडाभर काकूंचं घर गप्प होतं. गल्लीत कुणाला हा करायला लावलं नाही. मग मीच गेलो. बाटलीत चार-पाच बोटं उरली होती. ती विल्हेवाटीला घरी न्यावी, असा थोर विचार माझ्या मनात होता. हात पुढं केला, तर काकूंनी फटका मारला.

"बाळ्या, ही किती दिस टिकती रं? लोनच्यावानी बुरशी तर धरत न्हाई?"

"न्हाई काकू. बूच घट्ट असलं की वर्षानुवर्षं टिकते."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी बूच आणखी घट्ट दाबलं. त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. सुहासचा फोन होता. "व्याह्यास्नी सांग," त्या म्हणत होत्या, "त्यांची ऱ्हायलीय हितं थोडी. म्हनावं आमच्यात ताटात टाकून उठत न्हाईत. संपवायला यायला लागंल." मग जरा थांबून, हळू आवाजात, "तू बी ये त्यांच्यासंगं. त्यांना वाट गावायची न्हाई."

सुहास काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, आज स्पीकर बंद होता. बोलणं तर थांबलं होतं. मी भिंतीवरून डोकावलो. फोनचा दिवा केव्हाच विझला होता, तरी काकू अंगणात तो कानाला लावून उभ्या होत्या.