नऊ किलोमीटर, दीड बूट

गावातली शेवटची होडी मागे पडली आणि काकांच्या उजव्या बुटाने टाळी वाजवली. फट्.

बूटवाल्याला दरदरून घाम फुटला. आवाज त्याच्या ओळखीचा होता आणि बूट तर त्याहून ओळखीचा. त्यानेच विकलेला. सात महिन्यांपूर्वी, दुकानात. माळ्यावर सहा वर्षं धूळ खात पडलेला जोड होता तो. असा बूट वरून ठणठणीत दिसतो, पण सोल आतून कुजलेला असतो. कपाटात राहिला तर राहिला, चालायला काढला की चुरा. "खपव," मालक म्हणाला. याने खपवला. कुणाला खपवला ते दोन महिन्यांनी कळलं, जेव्हा त्याची मैत्रीण, म्हणजे काकांची मुलगी, त्याला पहिल्यांदा घरी घेऊन गेली आणि दारातल्या रॅकवर तो जोड खोक्यासकट बसलेला दिसला.

काकांनी मात्र त्याला ओळखलं नाही. गिऱ्हाईक बूटवाल्याचं तोंड बघतंय कशाला? हा खाली बसलेला. दिसते ती टाळू.

तरी आज त्याने टोपी घातली होती. आज निकाल होता. "समुद्राच्या कडेकडेने पुढच्या गावापर्यंत जाऊ. नऊ किलोमीटर. माणूस चालताना कळतो," काका म्हणाले होते. पोचलं की लग्नाला हो, नाहीतर रामराम. आणि या परीक्षेसाठी काकांनी ते बूट खास कोरे राखून ठेवले होते.

फट्. फट्.

"बाबा, तुमचा बूट बोलायला लागलाय," ती म्हणाली.

"ज्याने विकला ना, त्याला या कड्यावरून खाली सोडणारे मी."

कडा चांगला उंच होता. बूटवाल्याने वाकून खात्री केली, तेवढ्यात वाऱ्याने टोपी उचलली आणि थेट समुद्रात नेली.

"थांबा काका, बांधून देतो." तो सवयीने गुडघ्यावर बसला आणि स्वतःच्या बुटाची नाडी काढून त्याने सोल आवळला. काका वरून बघत राहिले.

नाडी एक किलोमीटर टिकली. मग तिच्या केसांचा रबर बँड. मग डावा सोलही सुटला, त्याला बँडेजची अख्खी गुंडाळी. पाचव्या किलोमीटरला त्याने कमरेचा पट्टा काढला आणि पुढची सगळी वाट एका हाताने पॅंट धरून चालला.

"अरे, काय अवतार झालाय तुझा!"

"तू समुद्र बघ ना. छान आहे समुद्र."

पुढचं गाव समोर दिसायला लागलं आणि उजवा सोल ओल्या बिस्किटासारखा गळून पडला. समोर नुसते शिंपल्यांचे तुकडे.

"काका, माझे बूट घाला."

"आणि तू?"

"मला सवय आहे."

सवय कसली, डोंबलाची! पावलागणिक "आई गं" म्हणत तो किनाऱ्यावर पोचला. काका एका उपड्या होडीवर टेकले. त्याच्याच्याने राहवेना.

"काका, ते बूट मीच विकले होते."

"काय?" ती किंचाळली.

"माहितीये," काका म्हणाले. "पहिली गाठ मारायला बसलास तेव्हाच. टाळूवर दोन भोवरे आणि मध्ये कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे केस. दुकानात वीस मिनिटं तेच बघत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, बघू कधी कबूल करतोस. चांगले नऊ किलोमीटर लावलेस. आणि दुकानात काय म्हणाला होतास, आठवतंय?"

आठवायचं काय त्यात? तो सगळ्यांनाच म्हणायचा. "'माझ्या सासऱ्यांना घ्यायचे असते, तर डोळे झाकून हेच दिले असते.'"

"दिलेसच. आता बदलून दे."

"काका, त्याला तीस दिवसांची मुदत..." तोंडातून निघून गेलं.

काकांनी मान वळवून मागच्या कड्याकडे शांतपणे एकदा बघितलं.

"म्हणजे, बाबा," तो घाईघाईने म्हणाला, "घरच्यांना मुदत नसते."

"हां. पण राहू दे. हे तुझेच बरे बसतायत," बाबा म्हणाले आणि त्याचे बूट पायात घालून चहाच्या टपरीकडे चालायला लागले.