थंड पडलं की बंद

बोरी अरबच्या बाजारात माणसं भेटली की पीकपाण्याचं विचारतात. देवसिंगभाऊ विचारायचे, "खाज कुठी हाय?" आणि उत्तराची वाट न पाहता खिशातून लाल झाकणाची ट्यूब काढायचे. इतरांच्या खिशाला पेन असतो.

गजकर्णाबद्दल त्यांचा एकच सिद्धांत होता. "थंड पडलं की बंद. औषध कायले वाया घालवता?" दोन-तीन दिवसांत खाज थांबे, ट्यूब शेजाऱ्याकडे जाई, आणि पंधरवड्यात गजकर्ण दुप्पट होऊन परत येई. त्यांच्या सगळ्या तांड्यात तीच ट्यूब, आणि हात पुसायला भाऊंच्या खांद्यावरचा तोच दुपट्टा. एवढी समता आमच्याकडे दुसऱ्या कशात दिसली नाही.

आता तांड्यावरचं गजकर्ण कोणत्याच औषधाला जुमानत नाही. देवसिंगनं पसरवलं, असं गाव म्हणतं. तेवढं दुरुस्त करायला मी हे लिहितो आहे. ट्यूब माझ्या मेडिकलातली. तिच्यात स्टेरॉईड असतं, त्यानं खाज मरते, बुरशी मरत नाही, हे मला ठाऊक होतं. डॉक्टरची चिठ्ठी मी कधी मागितली नाही. भाऊ मला 'डाक्टर' म्हणायचे. तेही मला गोडच लागायचं.

यंदा त्यांची लेक सुनीता बाळंत झाली. बाळ घेऊन माहेरी येणार, तोच जावयाचा फोन आला. "मामाजी, तुमच्या आंगावरचं पुरं गेल्याबिगर लेकरू नाही आणत."

भाऊ तडक दुकानात आले. "डाक्टर, तुयाजवळची सगळ्यात जबर ट्यूब दे."

"नाही देत."

"काहून?"

"ट्यूबनंच वाढलं ते, भाऊ."

"मंग इतके वर्स कायले देऊन राह्यलता?"

मी शटर ओढलं आणि त्यांना यवतमाळला घेऊन गेलो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कातडी खरवडून तपासायला पाठवली. नंतर म्हणाल्या, अर्धवट औषधं पचवायला ही बुरशी शिकली आहे, नेहमीच्या गोळीनं आता मरत नाही.

"म्हंजे आमच्या पोरायपेक्षा जास्त शिकली," भाऊ म्हणाले.

वेगळी गोळी मिळाली. कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवायचे. आणि खाज थांबली तरी कित्येक आठवडे गोळी चालूच ठेवायची. बाकी सगळं भाऊंनी ऐकलं, या शेवटच्या अटीवर मात्र त्यांचा चेहरा पडला. रोज माझ्या दुकानासमोर उभं राहून ते गोळी गिळायचे. "थंड पडलं न बे कवाचंच. तरी खाऊन राह्यलो." पण एकही चुकवली नाही. शेवटी बाईंनी अंग साफ असल्याचं सांगितलं.

सुनीता आली. मी बाळाला पाहायला गेलो. पाळणा आतल्या खोलीत होता आणि भाऊ बाहेर अंगणात, लिंबाखाली बाजेवर. पाळण्याच्या दोरीला त्यांनी बैलाचा कासरा जोडला होता आणि तो दारातून बाहेर घेऊन तिथूनच झोका देत होते.

"भाऊ, गेलं म्हणाल्या ना बाई? घ्या की मांडीवर."

"थे म्हणते गेलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "ट्यूब देतानी तू बी म्हणे, जाते म्हून."

आतून सुनीता म्हणाली, "बा, जवळ ये ना."

"इकूनच बरं हाय, बाई. झोपलं का?"

झोपलं, म्हणाली ती. तरी कासरा हलतच राहिला.